पान पिवळं पडलं? आधी कुंडी उचलून बघा

पान पिवळं दिसलं त्या दिवशी झाडाला काहीही द्यायचं नाही. खत नाही, औषध नाही, 'थोडंसं' पाणीही नाही. फक्त बघायचं, हात लावायचा, वास घ्यायचा आणि लिहून ठेवायचं.

हे मला सुचायला एक झाड जावं लागलं. दिव्याखाली वाढवलेली माझी पहिली मिरची मी अतिलाडाने मारली. खालची पानं पिवळी पडली म्हणून नत्राचं खत दिलं. चार दिवसांनी आणखी पिवळी पडली म्हणून मॅग्नेशियम फवारलं. मग कुणीतरी 'लोह कमी असेल' म्हणालं, तेही दिलं. पानांच्या कडा करपायला लागल्या तेव्हा कंटाळून झाड उपटलं. बघतो तर प्लास्टिकची कुंडी ज्या शोभेच्या कुंडीत बसवली होती, तिच्या तळाशी चार बोटं पाणी. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढा धागा उरला. वास नासक्या पाण्याचा. झाडाला खाणं कमी पडलं नव्हतं, खायला तोंडच उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी क्रम ठरवून टाकला: आधी पाणी, मग मुळं, मग क्षार आणि सामू (पीएच), आणि सगळ्यात शेवटी अन्नद्रव्यं. खाली तोच क्रम आहे. टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, पालेभाज्या, पुदिना अशा घरात कुंडीत वाढणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या झाडांसाठी तो चालतो. निवडुंग आणि ऑर्किड यांची तऱ्हा वेगळी, त्यांना यात धरू नका.

पायरी 1: कुंडी उचला

मातीचा वरचा थर फसवतो. दिव्याच्या उबेने आणि पंख्याच्या वाऱ्याने वरचं बोटभर सुकतं, खाली मात्र चिखल असतो. म्हणून वजन बघायचं. पुढच्या पाण्याच्या वेळी कुंडीला भरपूर पाणी घाला, अर्धा तास निथळू द्या आणि वजनकाट्यावर ठेवा. हा एक आकडा. मग पाणी न देता थांबा. पानं किंचित मलूल होतायत असं वाटलं की पुन्हा वजन करा. हा दुसरा. माझ्या एका कुंडीचे आकडे 6.2 किलो आणि 3.4 किलो आले होते. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे त्या कुंडीत झाडाच्या कामाचं पाणी 2.8 लिटर. यातलं साधारण निम्मं संपलं, म्हणजे काटा 4.8 च्या आसपास आला, की पुढचं पाणी. आठवडाभर असं केलं की काट्याची गरज राहत नाही, हाताला कळतं. मोठी कुंडी उचलवत नसेल तर एका बाजूने तिरकी करून अंदाज घ्या. झाड वाढलं की त्याचं स्वतःचं वजनही यात येतं, म्हणून महिन्यातून एकदा आकडे नव्याने काढा.

बोट घालून बघायचं असेल तर दोन पेरं आत जाऊ द्या. मातीत खुपसायची ती दोन टोकांची स्वस्त ओलावामापकं मी वापरत नाही. त्यातली बहुतेक ओल मोजत नाहीत, वीज किती सहज वाहते ते मोजतात. मातीत खताचे क्षार साठले की कोरडी मातीही त्यांना ओली वाटते.

शेतीत वाफसा हा शब्द आहे. पावसानंतर जमीन ओली तर आहे, पण चिखल नाही, मुठीत दाबली तर ढेकूळ होतं आणि बोटाने टिचकी मारली की फुटतं, ती अवस्था. कुंडीलाही हाच वाफसा हवा. मुळं श्वास घेतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या हवेतून येतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळाला ना पाणी ओढता येतं, ना खत.

पायरी 2: झाड मान कशी टाकतंय ते बघा

नवशिक्याची खरी पंचाईत इथे होते. पाणी जास्त झालं तरी झाड मान टाकतं, कमी पडलं तरी टाकतं. दोन्हीकडे पानापर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून दोन्ही रूपं सारखी. पण जवळ जाऊन पान बोटांत धरलं तर फरक कळतो.

तहानलेल्या झाडाचं पान पातळ, लुळं, कागदासारखं लागतं. कुंडी हलकी असते, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते. पाणी दिलं की तास-दोन तासांत झाड उभं राहतं. पाण्याने गुदमरलेल्या झाडाचं पान मात्र भरलेलं, जड लागतं. ते देठापासून खाली झुकतं, टोक आत वळतं, रंग निस्तेज होतो. कुंडी जड असते आणि दोन दिवस झाले तरी वजन फारसं उतरत नाही. पाणी देऊनही झाड उठत नसेल तर दुसरा तांब्या ओतू नका. तुमचं निदान तिथेच झालेलं आहे.

आणखी काही खुणा जास्त पाण्याकडेच बोट दाखवतात. मातीवर हिरवट शेवाळ. कुंडीला धक्का लागला की उडणारी बारीक काळी चिलटं. त्यांच्या अळ्या सतत ओल्या मातीतच वाढतात. पानाच्या खालच्या बाजूला फोडासारखे बारीक उंचवटे. मुळं पाणी चढवतात आणि दमट हवेत पानातून ते बाहेर पडत नाही, तेव्हा हे येतात. आणि खालच्या पानांचं पिवळं पडणं, जे बघून आपण नत्राचा डबा उघडतो.

वेळही ध्यानात घ्या. रोज 14–16 तास दिवा लावत असाल तर शेवटच्या तासाभरात काही झाडं आपणहून पानं सैल सोडतात. सकाळी ताठ असतील तर त्यांना काहीही झालेलं नाही.

आता कुंडीच्या तळाची गोष्ट. निचऱ्यासाठी तळाशी खडे किंवा खापरं घालायचा सल्ला तुम्हाला प्रत्येक जण देईल. तो मानण्याआधी एक प्रयोग करा. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरून उचला. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळायला लागेल. ओलसर वस्तूच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि तो केवढा असेल हे तिच्या बारीक छिद्रांवर ठरतं. वस्तू जितकी बुटकी, तितका तो थर तिचा मोठा हिस्सा व्यापतो. कुंडीतही हेच होतं. खडे घातले तर पाणी बारीक मातीतून मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. तो ओला थर खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. त्यापेक्षा सगळ्या मिश्रणातच परलाईट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) किंवा जाड कोकोचिप्स मिसळा आणि उथळ पसरट कुंडीऐवजी खोल कुंडी घ्या. तळाची भोकं मोकळी हवीतच.

लहान रोप मोठ्या कुंडीत लावणं हीसुद्धा जास्त पाणी देण्याचीच एक रीत. मुळं मूठभर, ओलावा बादलीभर. तो संपणार कधी? रोप टप्प्याटप्प्याने मोठ्या कुंडीत हलवा.

उलटा घोटाळाही होतो. पीट पूर्ण सुकलं की पाणी झिडकारतं, आणि कोकोपीट त्या मानाने बरं असलं तरी आक्रसून कुंडीची कड सोडतं. तुम्ही वरून तांब्याभर पाणी घालता, ते कडेच्या फटीतून सरळ खाली येतं, बशी भरते, तुम्हाला वाटतं झाड प्यायलं. मुळांचा गोळा मात्र आत ठणठणीत कोरडा. इथे पुन्हा वजनच खरं सांगतं. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बसवा, खालून पाणी चढू द्या, मग बाहेर काढून निथळवा.

पाणी देण्याची रीत सांगायची तर एवढीच: हळू, सगळ्या पृष्ठभागावर फिरवत, तळातून दिलेल्या पाण्याच्या दहा ते वीस टक्के बाहेर येईपर्यंत. अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. रोज घोट घोट देऊ नका. त्याने वरचा थर कायम ओला आणि क्षार आतच. 'सोमवार, गुरुवार पाणी' असं वेळापत्रकही नको. ढगाळ, गार आठवड्यात झाड अर्धंच पाणी पितं.

पाणी जास्त झालेलंच असेल तर कुंडी विटांवर उचलून ठेवा, बशी काढा, शेजारी पंखा लावा, खत बंद. पण झाड चार दिवसांत सावरलं नाही तर मुळं बघावीच लागतील. कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट मळकट, करकरीत. तपकिरी आणि लिबलिबीत असतील ती स्वच्छ कात्रीने कापा, उरलेल्या मुळांच्या मापाच्या लहान कुंडीत ताज्या मिश्रणात लावा आणि वरची काही पानंही कमी करा, म्हणजे थोड्या मुळांवर भार येणार नाही. कोकोपीट आणि खतांच्या रंगाने चांगली मुळंही पिवळसर दिसतात, म्हणून रंगापेक्षा स्पर्श आणि वास यांवर भरवसा ठेवा.

पायरी 3: पाणी कसलं आहे आणि क्षार किती

पाण्याची मात्रा आणि मुळं ठीक निघाली तरच इथपर्यंत यायचं.

सामू म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप. मातीच्या मिश्रणात तो 6 ते 6.8, कोकोपीटमध्ये किंवा नुसत्या पाण्यात वाढवताना 5.5 ते 6.5 असावा. सामू 7 च्या वर चढला की लोह, मंगल (मँगनीज), जस्त मातीत असूनही विरघळेनासे होतात. अन्न ताटात असून कुलूपबंद. बोअरच्या किंवा जड (क्षार जास्त असलेल्या) पाण्यात सहसा बायकार्बोनेट असतात, ते महिनोन्‌महिने हळूहळू मिश्रणाचा सामू वर नेतात. सुरुवातीला छान वाढलेलं झाड तीन-चार महिन्यांनी शेंड्याकडून पिवळं पडायला लागलं तर मी आधी पाण्याकडे बघतो.

सामूमापक विकत घेतलात तर 4 आणि 7 च्या प्रमाण द्रावणात तो नियमित जुळवून घ्या. त्याचं काचेचं टोक कोरडं ठेवू नका आणि डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नका. साठवणीचं द्रावण वेगळं मिळतं. चुकीचा मापक असण्यापेक्षा मापक नसलेला बरा.

दुसरं माप विद्युत वाहकता, ज्याला सगळे ईसी म्हणतात. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त तितकी ईसी जास्त. इथले आकडे मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये आहेत. रोपांना मी 0.6 ते 0.8 च्या आत ठेवतो, भरात आलेल्या टोमॅटो-मिरचीला दीड ते दोन. पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) आकडा दाखवणारे मापक गोंधळ करतात: काही कंपन्या 1 ईसीला 500 पीपीएम धरतात, काही 700. म्हणून दुसऱ्याचा पीपीएमचा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

आता कुंडीत घातलेल्या पाण्याची आणि तळातून आलेल्या पाण्याची ईसी ताडून बघा. आत 1.4 घातली आणि बाहेर 3 आली, तर मिश्रणात क्षार साठलेत. मापक नसेल तरी झाड सांगतंच. पानांची अगदी टोकं, एक-दोन मिलिमीटर, करपून तपकिरी झालेली असतात, बाकी पान गडद हिरवं. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खपली. मुळांभोवती क्षार वाढले की पाणी असूनही ते मुळांना ओढता येत नाही, म्हणून ओल्या कुंडीतलं झाड तहानल्यासारखं दिसतं. 'खत लागलं' म्हणतात ते हेच.

उपाय म्हणजे धुणं. कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट साधं पाणी हळूहळू सोडायचं, दहा लिटरच्या कुंडीला वीस ते तीस लिटर, आणि शेवटी अर्ध्या ताकदीचं खतपाणी एकदा. मात्र मुळं आधीच कुजलेली असतील तर हा उपाय करू नका, मरायला टेकलेल्याला बुडवल्यासारखं होईल.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन पसरट भांड्यात 24 तास उघडं ठेवलं की बहुतेक उडून जातो. पाणी शुद्ध करायला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरलं असेल तर ते असं जात नाही. तसंही नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनने कुंडीतलं झाड आजारी पडत नाही. त्याच्या मागे लागून कुणी बरं झालेलं मी पाहिलं नाही.

आरओचं पाणी वापरणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) सारख्या पूर्ण विरघळणाऱ्या खतातही सहसा ही दोन नसतात, कारण कॅल्शियम स्फुरदाबरोबर (फॉस्फरसबरोबर) एकाच द्रावणात घट्ट मिसळलं की पांढरा साका बनून तळाशी बसतं. वरून कोकोपीट स्वतःच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात पालाश (पोटॅशियम) आणि सोडियम सोडतं. आरओ पाणी, कोकोपीट आणि 19:19:19 हे त्रिकूट जमलं की दोन महिन्यांत पानांवर डाग येणार हे मी झाड न बघता सांगतो. अशा वेळी कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी, वेगळ्या पाण्यात द्यावं.

पायरी 4: दुखणं वर आहे की खाली?

आता कुठे अन्नद्रव्यांची पाळी. झाडांना 17 मूलद्रव्यं लागतात. त्यातली कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन ही हवापाण्यातून मिळतात, उरलेली 14 मुख्यतः मुळांतून. यादीत सगळ्यात उशिरा आलं निकेल. त्याची गरज 1987 मध्ये बार्लीवरच्या प्रयोगांतून पक्की झाली. घाबरू नका, कुंडीत यातली पाच-सहाच खरोखर त्रास देतात.

पहिला प्रश्न रंगाचा नाही, जागेचा. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांत सुरू झाला की नव्या, शेंड्याच्या पानांत? नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड एका पानातून काढून दुसऱ्याला देऊ शकतं. टंचाई आली की म्हाताऱ्या पानांच्या तोंडचा घास काढून कोंबांना भरवतं, म्हणून दुखणं खाली दिसतं. कॅल्शियम, लोह, बोरॉन, मंगल जिथे बसली तिथेच बसतात. पुरवठा तुटला की नवीन पानाला ती मिळतच नाहीत, म्हणून दुखणं शेंड्यावर.

खाली सुरू झालं असेल तर:

सगळं पान, शिरांसकट, सारखं फिकट होत पिवळं पडतंय आणि झाडाची वाढ खुंटलीय, तर नत्र. पिवळेपणा एक-एक पान वर चढत जातो.

शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, जणू हिरव्या काड्यांचा पंखा, तर मॅग्नेशियम. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, म्हणून ते काढून नेलं की हिरवेपणाच जातो. मातीत मॅग्नेशियम असूनही पालाश फार दिलं तर मुळं ते घेत नाहीत. फळं धरायला लागली म्हणून पालाशचा मारा करणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं. लिटरभर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून दिवे मंद असताना किंवा बंद होण्याआधी पानांवर फवारावं, आठवड्याने पुन्हा एकदा. आणि पालाश कमी करावं, नाहीतर फवारतच राहाल.

पानाची कड पिवळी होऊन मग भाजल्यासारखी तपकिरी, मधला भाग हिरवा, तर पालाश. खत लागल्याने टोकं करपतात ती जवळपास सगळ्या पानांवर आणि अगदी टोकाशी. पालाशच्या कमतरतेत जुन्या पानांची पूर्ण कड जाते. दोन्हींत गल्लत झाली तर उपाय नेमका उलटा पडतो, म्हणून इथे काठावरची पांढरी खपली आणि ईसी पुन्हा बघा.

पान पिवळं न पडता उलट गडद, निळसर-जांभळं, झाड बुटकं, तर स्फुरद. पण थांबा. मुळं गार पडली तरी स्फुरद उचललं जात नाही. थंड फरशीवर ठेवलेली कुंडी लाकडी फळीवर उचलली आणि पंधरा दिवसांत जांभळेपणा गेला, असं माझ्याकडे दोनदा झालंय. शिवाय काही जातींचे देठ मुळातच जांभळे असतात.

वर सुरू झालं असेल तर:

नवीन पानं लिंबासारखी पिवळी किंवा जवळजवळ पांढरी, त्यावर शिरांची हिरवी बारीक जाळी, तर लोह. कुंडीत लोह खरोखर संपलेलं फार कमी वेळा असतं. बहुतेक वेळा सामू चढलेला असतो किंवा माती ओलीचिंब असल्याने मुळं कामच करत नाहीत. चिलेटेड लोह (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह) देणार असाल तर डब्यावरची अक्षरं वाचा. ईडीटीए प्रकार सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत चालतो, चुनखडीच्या जड पाण्यात ईडीडीएचएच लागतो. मंगलची कमतरताही अशीच, पण जाळी अस्पष्ट आणि मधे बारीक करडे ठिपके.

शेंड्याची पानं वेडीवाकडी, चुरगळलेली, कडा करपलेल्या, टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा चट्टा, तर कॅल्शियम. मात्र धावत जाऊन कॅल्शियम ओतू नका. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबरच वर चढतं. कुंडी कधी कोरडी ठणठणीत, कधी तुडुंब, किंवा खोली कोंदट आणि हवा न हलणारी, तर पाण्याची ओढ तुटते आणि कॅल्शियम असूनही शेंड्याला पोचत नाही. पाणी एकसारखं करा, छोटा पंखा लावा, मग विचार करा. अंड्याची टरफलं कुस्करून घातल्याने या हंगामात काही होणार नाही. ती विरघळायला महिनोन्‌महिने जातात.

नवीन पानं शिरांसकट सारखी फिकी, तर गंधक. जस्त कमी पडलं तर पानं चिमुकली राहतात आणि दोन पानांमधलं अंतर आखडतं. बोरॉनबद्दल इतकंच की अंदाजाने कधीच देऊ नका. पुरेसं आणि विषारी यांत त्याचं अंतर फारच थोडं.

पायरी 5: दुसऱ्याच कुणाचा गुन्हा नाही ना?

पान उलटं करा आणि भिंगातून बघा. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. लाल कोळी ही अगदी बारीक कीड पानाचा रस शोषते, तेव्हा वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके येतात आणि लांबून ते मॅग्नेशियमच्या कमतरतेसारखं दिसतं. भिंग नसेल तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. पडलेले ठिपके चालायला लागले तर खताचा विषय संपला.

फक्त दिव्याच्या सगळ्यात जवळची पानं पांढुरकी झालीत आणि खालची ठणठणीत आहेत? दिवा जवळ आलाय. हाताचा पंजा शेंड्याच्या उंचीवर धरा. अर्ध्या मिनिटात चटका जाणवला तर पानालाही तो जाणवतोय. एलईडी मात्र चटका न देताही पानं फिकी करतात, म्हणून दिवा वितभर वर घेऊन आठवडाभर बघणं हीच परीक्षा. उलट दाट झाडाच्या सावलीत खालची पानं उजेड न मिळाल्यानेच पिवळी पडतात.

आणि रोपाची ती पहिली दोन गुळगुळीत बीजपत्रं तर गळण्यासाठीच असतात.

पायरी 6: एकच बदल, मग दोरा

इतकं सगळं बघून एक कारण ठरवा आणि एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि झाड सुधारलं, तर कशाने ते कळणार नाही. बिघडलं तर तेही नाही. खत देणार असाल तर डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा आणि कोरड्या मातीत कधीच नाही, आधी साधं पाणी. युरिया तर चमच्याने टाकूच नका. त्यात 46 टक्के नत्र असतं, आणि एका कुंडीला लागणारी मात्रा इतकी कमी की घरच्या चमच्याने ती मोजताच येत नाही.

उपाय केला त्या दिवशी शेंड्याच्या सगळ्यात नव्या, पूर्ण उघडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा. दोऱ्याच्या खालची पानं आता विसरा. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, आणि पिवळं पान थोडं सावरलं तरी ते खरं माप नव्हे. दोऱ्याच्या वर जी पानं येतील त्यांच्यावरून ठरवायचं. नत्राचा परिणाम आठवड्याच्या आत दिसू लागतो, मुळं कुजल्यावर नवीन मुळं येऊन शेंडा हलायला दोन-तीन आठवडे लागतात. वहीत तारीख, कुंडीचं वजन, काय दिलं आणि किती, एवढंच लिहा. आठवड्यातून एक फोटो, पण दिवसाच्या उजेडात. दिव्याच्या जांभळ्या प्रकाशात सगळी पानं सारखीच आजारी दिसतात.

दहा दिवसांनी दोऱ्याच्या वरचं पानही तसंच निघालं तर मात्रा वाढवायची नाही. पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन कुंडी उचलायची.

खोड मातीलगत मऊ पडून काळं झालं असेल, तर मात्र त्यात वेळ घालवू नका. झाड काढून टाका. कुंडी घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून, स्वच्छ धुवून वाळवा. त्यातली माती रोपांसाठी पुन्हा वापरू नका.